संस्थेतील नोकरी सोडावी का?

प्रश्न (दहिवडी): माण तालुक्यात पाणलोटाचे काम करणाऱ्या संस्थेत मी सहा वर्षे आहे; काम मनापासून आवडते, परंतु करार दर मार्चला संपतो आणि नवे पत्र येईपर्यंत दोन महिने बिनपगारी गावे फिरावी लागतात. सोडावे का?

उत्तर (सातारा): परदेशी निधीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा परदेशी देणगी नियमन कायद्याच्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीने 50 वरून 20 टक्क्यांवर आणली, त्यामुळे अशा निधीवरील संस्थांत पगारांनाच प्रथम कात्री लागते.

उत्तर (जत): मी गतवर्षी सोडली, पण पगारामुळे नव्हे, दिवसभर शेततळी मोजून रात्री तेच फोटो तीन देणगीदारांच्या तीन तक्त्यांत भरण्याचा वीट आला होता.

उत्तर (सांगली): ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, सलग सेवेवर ठरते, म्हणून सेवेत खंड नव्हता हे दाखवायला राजीनाम्याआधी त्या दोन महिन्यांच्या हजेरीच्या प्रती काढून ठेवाव्यात.