रोजची आठवण की आठवड्याची विचारपूस?
एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुणांना रोज ठरलेल्या वेळी औषधाची आठवण देणारा संदेश मोबाईलवर पाठवावा, ही सूचना चांगल्या हेतूची आहे. पण नुसती आठवण पुरेल, असे मला वाटत नाही. केनियातील ५३८ रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्यातून एकदा ‘मांबो?’ म्हणजे ‘कसे आहात?’ एवढेच विचारले जाई आणि अडचण असल्याचे कळल्यास किंवा ४८ तासांत उत्तरच न आल्यास आरोग्य कर्मचारी स्वतः फोन करीत. त्या गटातील ६२ टक्के रुग्णांनी औषधे नियमित घेतली, इतरांपैकी ५० टक्क्यांनी. उलट दक्षिण भारतातील ६३१ रुग्णांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यंत्राकरवी केलेल्या साप्ताहिक फोनांचा आणि चित्रसंदेशांचा लक्षणीय फायदा दिसला नाही. परिस्थिती वेगळी होती हे मान्य, तरी मला फरक पलीकडच्या माणसाचा वाटतो.

गोव्यात आणखी एक पेच आहे. पेडण्यातील एखाद्या घरी चार्जिंगला लावलेल्या फोनवर ‘गोळी घेतली का?’ ही ओळ उजळली आणि सहज डोकावलेल्या शेजारणीने ती वाचली, तर गावभर व्हायला एक संध्याकाळ पुरे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संस्थांवर गोपनीयतेचे बंधन घातले आहे, पण पडद्यावरची ओळ कायदा झाकू शकत नाही. म्हणून मजकूर मुलांनी स्वतः निवडावा, अगदी ‘फुटबॉलला येतोस ना?’ असाही चालेल. आणि शिक्षणासाठी पुण्याला गेलेल्या मुलीला तिथल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रात, नाव वर्ग कसे करायचे, हे संदेश येतो त्याच क्रमांकावर विचारता यावे.