तृतीयपंथी पात्रं आणि आपले नट: कोणी कोणाची भूमिका करायची?

रावपुऱ्याची लेक
बडोद्याच्या मराठी गटावर काल एक पोस्ट फिरली: "हल्ली प्रत्येक वेबमालिकेत एक तृतीयपंथी पात्र घुसवतात. त्यापेक्षा 'सडक'मधली महाराणी बरी. अमरापूरकरांनी काय जीव ओतला होता!" खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून इथे लिहिते.

'सडक' सिनेमात कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी महाराणी रंगवणारे सदाशिव अमरापूरकर मोठे नट, वादच नाही. त्या भूमिकेला फिल्मफेअरही मिळालं. पण १९९१ साली माझा मामेभाऊ शाळेत होता. चालणं-बोलणं जरा नाजूक. सिनेमा लागला आणि वर्गात त्याचं नाव 'महाराणी' पडलं. पोरं टाळ्या पिटत घरापर्यंत मागे यायची. तृतीयपंथी म्हणजे कुंटणखाना चालवणारी, पोरींचा सौदा करणारी, एवढंच त्या पोरांनी उचललं. उचलायला दुसरं होतं काय? भाऊ पुढे घर सोडून गेला. आज कुठे आहे, कोणालाच ठाऊक नाही. म्हणून 'घुसवतात' वाचून माझं डोकं फिरलं.

'मेड इन हेवन' या वेबमालिकेच्या २०२३च्या पर्वात त्रिनेत्रा हलदारनं मेहेर या ट्रान्स बाईची भूमिका केली. त्रिनेत्रा स्वतः ट्रान्स आहे. मेहेर नोकरी करते, प्रेमात पडते, दुखावली जाते. शाप देणं नाही, टाळी पिटणं नाही. ज्यांची गोष्ट आहे त्यांना भूमिका मिळू द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

मांडवीकर
ताई, भावाचं वाचून फार वाईट वाटलं. पण शेवटचं वाक्य पटत नाही. आपण जे नाही ते होऊन दाखवणं, हेच नटाचं काम. 'जोगवा' सिनेमातला उपेंद्र लिमयेंचा तायप्पा आठवा, देवीला वाहिलेला, साडी नेसावी लागणारा जोगता. राष्ट्रीय पुरस्कार उगाच मिळत नाही. आणि ज्या बडोद्यानं स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीला राजाश्रय दिला, तिथे बसून आपण हा वाद घालतोय? बालगंधर्वांचं पाहून बायका साडी नेसायला शिकल्या. गुजराती रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे जयशंकर सुंदरी, थेट पद्मभूषण. हे सगळं पुसून टाकायचं का?

सुरसागर काठ
काका, बालगंधर्वांना यात ओढू नका. घरंदाज बाईला रंगभूमीवर पाऊल टाकायची सोय नव्हती, म्हणून पुरुष लुगडं नेसून उभे राहिले. गायिका हिराबाई बडोदेकर स्वतः नाटकात उतरल्या, पुढे खुद्द बालगंधर्वांबरोबर गायिका-नटी गोहरबाई रंगभूमीवर आल्या आणि स्त्रीपार्टी नटांचा जमाना सरला. आज रुक्मिणीला पुरुषच हवा असं कोण म्हणतं? बायकांना मज्जाव होता तो गेला. तृतीयपंथींना तो अजून आहे.

मांडवीकर
'लुगडं नेसून उभे राहिले'? बालगंधर्वांबद्दल बोलताय, जरा जपून. माझे आजोबा 'स्वयंवर' बघायला पायी जायचे, म्हातारपणीसुद्धा 'नाथ हा माझा' गुणगुणताना त्यांचे डोळे भरून यायचे. भामिनी, रुक्मिणी, सिंधू त्यांच्याच, आजही. आणि गोहरबाई आल्यावर बालगंधर्वांचं काय झालं, तेही लिहा की.

सुरसागर काठ
काय झालं? कर्जाचा डोंगर गोहरबाई येण्याच्या कितीतरी आधीपासून होता. मराठी माणसानं आजवर ते खापर एका बाईच्या डोक्यावर फोडलं. उतारवयात बालगंधर्वांना सांभाळलं कोणी, तेही विचारा. तुमच्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती.

वाघोडिया रोड
तुम्ही नाटकातच रमा. माझ्या नातवाच्या बारशाला मासीबा (इकडे तृतीयपंथींना असं म्हणतात) आल्या, अकरा हजार मागितले, नाही म्हटल्यावर पाहुण्यांसमोर नको ते बोलल्या. सुनेनं रडून घर डोक्यावर घेतलं. यांच्या दुःखाच्या मालिका मी का बघू?

रावपुऱ्याची लेक
काका, सुनेला त्रास झाला हे वाईटच. पण तुमच्या दुकानात त्यांच्यापैकी एकीला कामाला ठेवाल? भाड्यानं खोली द्याल? नाही ना? मग त्या बारशालाच येणार.

वाघोडिया रोड
माझ्या दुकानापर्यंत जायचं कारण नाही. मी सिनेमाबद्दल बोलत होतो.

अलकापुरीची सून
मी रावपुऱ्याच्या ताईंच्या बाजूची, तरी एक अडचण सांगते. आमच्या सासूबाई मासीबा दिसल्या की दार लावून घ्यायच्या. २०२३ला तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्यावरची 'ताली' ही वेबमालिका आली, ती त्यांनी लावली फक्त गौरीच्या भूमिकेत सुश्मिता सेन आहे म्हणून. गौरी सावंत कोण, तृतीयपंथींना मान्यता देणारा २०१४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काय, त्यांना काही माहीत नव्हतं. सगळे भाग बघितले. त्या दिवाळीत मासीबा आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना ओट्यावर बसवून चहा दिला, नाव विचारलं, गाव विचारलं. नवखी ट्रान्स नटी असती तर त्यांनी ती मालिका उघडलीसुद्धा नसती.

मांडवीकर
मी तेच म्हणतोय! 'नटरंग', 'बालगंधर्व' आणि 'ताली', तिन्ही रवी जाधवांचे. 'नाच्या' झालेल्या गुणाची कुचंबणा ज्याला कळली, त्याला गौरीताई कळल्या.

रावपुऱ्याची लेक
सासूबाईंच्या चहापुढे मला बोलता येत नाही, ते मानलं. पण काका, मोठं नाव नसेल तर कोणी बघत नाही, आणि काम दिलंच नाही तर नाव मोठं होणार कसं? हिराबाईंनाही कोणीतरी पहिल्यांदा ऐकलंच ना? निदान निवडीला तरी बोलवा. आपल्या मंडळाच्या एकांकिकेपासून सुरुवात करा, तुम्हीच बसवता ती.

मांडवीकर
निवडीला कोणीही यावं, मी कोणाला अडवलेलं नाही. पण उच्चार स्वच्छ हवेत आणि तालमी चुकवायच्या नाहीत, तिथे सवलत मिळणार नाही. गोहरबाईंबद्दल माझं मत आहे तेच आहे.