बायकांचे पिक्चर चालतात, मग डायरेक्शन आणि कॅमेऱ्याला बायका कुठायत?

मृणाल_ठाणे:
परवा घरी पुन्हा 'बाईपण भारी देवा' लागला होता, आईला आता पाठ झालाय. मी नावं वाचत बसले. लेखिका वैशाली नाईक, दिग्दर्शक केदार शिंदे. 'झिम्मा'चं पण तेच, लिहिलंय इरावती कर्णिकने आणि डायरेक्शन हेमंत ढोमेचं. दोन्ही पिक्चर आवडलेत बरं का, पण लिहायला बाई चालते आणि सेट सांभाळायला नाही, असं का?

जुना_खोंड:
सुमित्रा भावे विसरलात? 1995 ला 'दोघी', पुढे 'कासव'ला सुवर्णकमळ, सुनील सुकथनकरांसोबत. सई परांजपे आहेतच.

मृणाल_ठाणे:
विसरेन कशी काका, पण दर वेळी याच दोन नावांवर गाडी थांबते ना.

फोकसवाली:
कॅमेरा असिस्टंट आहे, सांगते. नवीन सेटवर गेलं, हातात लेन्सची पेटी असली तरी पहिला प्रश्न, "मॅडम, हेअर का?" आणि ते उगाच नाही, मुंबईत मेकअपवाल्यांच्या असोसिएशनमध्ये बायकांना हेअरड्रेसरचंच कार्ड द्यायचे, मेकअपचं कार्ड फक्त पुरुषांना. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना सुप्रीम कोर्टापर्यंत गेली तेव्हा कुठे 2014 च्या नोव्हेंबरात तो नियम गेला. कॅमेऱ्याला असा लेखी नियम नाही पण कामं फोनवर ठरतात, डीओपी, म्हणजे मुख्य कॅमेरामन, आपली नेहमीची पोरं घेऊन येतो, त्यात आपला नंबर लागायचा कधी. आउटडोअरला टॉयलेटवाली व्हॅनिटी व्हॅन फक्त हिरॉइनला, आम्ही दिवसभर पाणीच कमी पितो, हे कुणाच्या बजेटमध्ये बसत नाही.

बिनधास्त_बंड्या:
पिक्चर चांगला झाल्याशी मतलब, बाई की पुरुष काय फरक पडतो?

मृणाल_ठाणे:
मग 1913 ला 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंकेच काय वाईट होते 😄 आणि त्याच पिक्चरच्या वेळी फिल्मला भोकं पाडण्यापासून ते युनिटच्या जेवणापर्यंत सगळं सरस्वतीबाई फाळके बघत होत्या, शाळेत मात्र आपण एकट्या दादासाहेबांवर धडा वाचला.

फोकसवाली:
@बंड्या फरक पडत नाही म्हणतोस तर घे की मग बाई! "लेडी डीओपी मिळतच नाही हो" हे प्रोड्युसरकडून इतक्यांदा ऐकलंय. 2017 पासून कॅमेरावाल्या बायकांचं कलेक्टिव्ह आहे, मेंबरांची यादी नेटवर आहे. मी सरळ लिंक टाकते. बहुतेक वेळा ब्लू टिक येते आणि पुढे काही नाही.