मदत हवी आहे : आगीत सापडलेली जुनी सुतारी हत्यारे

लालबागमधील आमच्या गाळ्याला लागलेल्या आगीत आजोबांचे बिडाचे रंधे, पटाश्या आणि बाकावरचा व्हाइस (लाकूड घट्ट पकडणारा शिकंजा) सापडला. बंबाचे पाणी आणि जळालेल्या पीव्हीसी वायरींतून सुटलेले आम्ल यांमुळे गंज फार लवकर खोलवर उतरला. व्हाइसचा स्क्रू हलत नाही. जोर लावल्यास बीड तडकेल, म्हणून केवळ तेल सोडत आहे.

धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरने वीज सोडून गंज काढता येईल, परंतु खरी काळजी पात्यांचे पाणी (पोलादाला तापवून दिलेला कडकपणा) उतरल्याची आहे. ती करडी पडली असून त्यांवर कानस निसटण्याऐवजी सहज चावते.

व्हाइस सुरक्षितपणे कसा सोडवावा? अशा पात्यांना पुन्हा पाणी देणारे कारागीर मुंबईत कोणाच्या माहितीत आहेत का?