अनुभव धागा: सायकलवर सर्चू ते पांग

मनाली-लेह रस्त्यावरचा हा टप्पा सुमारे ७५-८० किलोमीटरचा. वाटेत गाटा लूप्सची २१ वळणं, मग नकीला (४,७३९ मी.) आणि लाचुंगला (५,०५९ मी.) या दोन खिंडी. ज्यांनी तो केला आहे त्यांनी नेमकं लिहा: कधी निघावं, काय न्यावं, काय मोडतं आणि का मोडतं. प्रवासवर्णनाला वेगळा धागा आहे.

*

उजाडताच निघा. लूप्सच्या पायथ्यापर्यंतचे २०-२५ किलोमीटर त्सराप नदीच्या काठाने जातात, फारसा चढ नाही. तिथे जोर मारायचा मोह आवरा. रस्ता ट्रकसाठी बांधलेला असल्यामुळे लूप्सचा चढ अंगावर येत नाही. ताशी ५-६ किलोमीटरने, बोलता येईल इतक्याच दमात चढा. मधल्या कापवाटा खड्या आणि भुसभुशीत आहेत, सायकल ढकलत नेण्यात जास्त दम जातो. नकीला अकराच्या सुमारास आणि लाचुंगला दोनच्या आत, असा हिशेब ठेवा. दुपारनंतर दरीत वारा उठतो, तो समोरून आला तर उतारावरही पेडल मारावं लागतं. वितळत्या बर्फाचे ओढेही दुपारीच फुगतात, सकाळी त्यांत घोटाभर पाणी असतं.

*

पाणी माणशी चार लिटर. लूप्सवर भरवशाचं पाणी नाही. वळणांत एका जागी बाटल्यांचा ढीग दिसतो. त्या वाटसरूंनी श्रद्धेने वाहिलेल्या असतात, आपल्या हिशेबात धरू नयेत. नकीला उतरल्यावर व्हिस्की नाल्याला हंगामात तंबू असतात, तिथे पाणी भरून घ्या आणि गरम काहीतरी खा. कोरड्या हवेत घशाला कोरड पडते, त्यामुळे चिक्की, भाकरी घशाखाली उतरत नाही. खजूर, गूळ आणि थुकपा (नूडल्सचं गरम सूप) चालतो. स्वतः शिजवणार असाल तर लक्षात ठेवा, ५,००० मीटरवर पाणी सुमारे ८३ अंशांनाच उकळतं. कुकरशिवाय डाळ-तांदळाचा नाद नको.

*

सायकलीबद्दल. पुढची लहान चकती २२ किंवा २४ दात्यांची, मागची सर्वांत मोठी ३४-३६ दात्यांची. सामानासकट याहून जड गिअर गुडघ्यांवर येतो. टायर किमान १.७५ इंची. मनाली ते लेह सुट्या भागांचं दुकान गृहीत धरू नका: दोन ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, चेनचा जोडदुवा, आपल्याच मापाचे चार आरे, ब्रेक पॅडचा एक जोड, गिअरची एक केबल आणि डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारी पट्टी). सायकल आडवी पडली की वाकतो तो हँगरच, आणि दुसऱ्या सायकलचा बसत नाही. आरे तुटतात ते बहुधा मागच्या चाकाचे, गिअरच्या बाजूचे, कारण सगळा भार तिथेच. शक्य तितकं सामान पुढच्या पॅनिअरमध्ये (चाकाशेजारच्या पिशव्यांत) टाका. हातपंपाचे ठोके खाली लागतात त्याच्या दुपटीच्या आसपास लागतील. पंप बिघडलेला नसतो, हवाच निम्मी असते. चेनला पातळ, कोरडं तेल. जाड तेलावर धुळीचा लेप बसतो आणि चेन करकरू लागते.

*

वर वेळेचं लिहिलंय ते पटलं, पण त्याआधी एक गोष्ट. सर्चू (सुमारे ४,३०० मी.) दोन खिंडींच्या मधे अडकलेलं आहे. मागे बारालाचा ४,८९० मीटरवर, पुढे लाचुंगला, आणि पांगचा मुक्कामही सर्चूहून उंच. तिथे डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, तर खाली जायलासुद्धा आधी वर चढावं लागतं. म्हणून निर्णय बारालाचाच्या अलीकडे, जिस्पा-केलाँगला करायचा. तिथे एक-दोन रात्री जास्त काढा. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रात्रीला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम या रस्त्यावर पाळणं अवघड आहे, म्हणूनच खालचे मुक्काम वाढवायचे. वरंधा-आंबेनळी घाटांच्या सरावाने पाय तयार होतात. विरळ हवेची सवय होत नाही, कळसूबाईच मुळी १,६४६ मीटर आहे. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या डॉक्टरला विचारूनच. सर्चूला सकाळी तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर सायकल गाडीवर टाकून खाली, त्याच दिवशी.

*

लाचुंगलानंतरच्या उताराबद्दल कोणी लिहिलं नाही. माथ्यावर घाम वाळायच्या आत जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे चढवा. बोटं बधिर झाली की ब्रेक लागत नाही. ब्रेक सतत दाबून धरू नका, दाबा-सोडा करत उतरा. पांगच्या आधीच्या घळीत खडी आणि कच्चे तुकडे असतात, शिवाय कडेचे दगड सुटतात. तिथे फोटोसाठी थांबू नका.