स्कॉलरवर एच-इंडेक्स २४, स्कोपसवर १७. कोणता धरायचा?

मोजपट्टी:
निवड समितीसाठी रेण्वीय जीवशास्त्रातल्या एका उमेदवाराची प्रकाशनं तपासायची आहेत. अर्जात गूगल स्कॉलरचे आकडे आहेत: ६१ शोधनिबंध, एच-इंडेक्स २४ (म्हणजे प्रत्येकी किमान २४ सायटेशन, अर्थात इतर निबंधांत आलेले संदर्भ, असलेले २४ निबंध). स्कोपस या निबंधांच्या सूचीवर त्याच नावाखाली ४३ निबंध आणि एच-इंडेक्स १७. शिवाय एकूण सायटेशनपैकी जवळजवळ निम्मी एकाच निबंधाची. आकडा फुगवलाय असं म्हणावं का?

तळटीप:
एवढ्यावरून नाही म्हणता येणार. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच खुले केलेले निबंध), पुस्तकातली प्रकरणं सगळं मोजतो; स्कोपस फक्त निवडलेली नियतकालिकं, पुस्तकं आणि परिषदांची इतिवृत्तं. त्यामुळे स्कॉलरचा आकडा मोठा असणारच. पण चुका दोन्हीकडे असतात.

स्कॉलरची प्रोफाइल आपोआप भरायला ठेवली की नामसाधर्म्याने दुसऱ्याचे निबंध आत येतात. आणखी एक घोळ म्हणजे बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावरचा प्रीप्रिंट. परीक्षणानंतर शीर्षक बदललं तर तो आणि छापील निबंध अशा दोन नोंदी राहतात. समजा प्रीप्रिंटला १४ आणि निबंधाला १३ सायटेशन आहेत. सुटे असताना दोन्ही २४ च्या खाली. एकत्र केले की बेरीज २७ पर्यंत जाते आणि निबंध मोजणीत येऊ शकतो. म्हणजे दुहेरी नोंदीने निबंधांची संख्या फुगते, पण एच-इंडेक्स उलट कमी दिसू शकतो.

स्कोपसमध्ये संस्था किंवा आडनाव बदललं की एकाच माणसाचे दोन लेखक-क्रमांक होतात. १७ हा अर्ध्याच कामाचा आकडा नाही ना, ते आधी बघा. उमेदवाराकडून ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) घ्या, प्रत्येक निबंधाचा डीओआय (निबंधाचा कायमचा क्रमांक) जुळवा आणि ज्याला डीओआय नाही तो वेगळा काढा. पबमेड या वैद्यकीय-जैविक निबंधांच्या सूचीवर शोधणार असाल तर एक लक्षात ठेवा: २००२ पूर्वीच्या नोंदींत साधारणपणे फक्त आद्याक्षरं असतात, पूर्ण नाव टाकलं तर जुने निबंध निसटतात.

जेलमधली पट्टी:
माझ्या मते खरा प्रश्न त्या एका निबंधाचा आहे. तो पद्धतीचा आहे, रिव्ह्यू (आधीच्या कामाचा आढावा) आहे, की मोठ्या गटाचा? प्रथिनं मोजण्याच्या लाउरी पद्धतीचा १९५१ चा निबंध तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झालाय, कारण प्रयोगशाळेत ती पद्धत वापरली की त्याचा संदर्भ द्यायचा रिवाज आहे. जनुकांची सक्रियता मोजणाऱ्या क्यूपीसीआर चाचणीच्या डेल्टा-डेल्टा सीटी गणिताचा २००१ चा निबंध त्याच जातीचा. उपयुक्त काम आहे, प्रश्नच नाही. पण जीवशास्त्रातला नवा शोध म्हणून त्याची गणती करू नये.

त्या निबंधाला उद्धृत करणारे वीसेक निबंध उघडा आणि संदर्भ कुठे आलाय ते पाहा. सगळे ‘पद्धती’ विभागात असतील तर उत्तर मिळालं. चर्चेत, निष्कर्षाच्या आधारासाठी आले असतील तर गोष्ट वेगळी.

मग लेखकांचा क्रम. आपल्या क्षेत्रात सहसा पहिला लेखक प्रयोग करतो आणि शेवटचा प्रयोगशाळा चालवतो. दीडशे लेखकांत ८७ वं नाव असेल तरी एच-इंडेक्सला ते तितकंच मोलाचं! म्हणून पहिला, शेवटचा आणि करस्पाँडिंग (पत्रव्यवहार सांभाळणारा) लेखक असलेले निबंध वेगळे काढून त्यांचीच सायटेशन पाहा.

मोजपट्टी:
सह-प्रथम लेखक असेल तर? आणि उमेदवार तरुण असेल तर?

तळटीप:
पीडीएफच्या पहिल्या पानावरची तारांकित टीप वाचा, ‘समान योगदान’ तिथे लिहिलेलं असतं. सायटेशनच्या यादीतून ते कळत नाही.

तरुण उमेदवाराला एच-इंडेक्स लावूच नये. तो वर्षांबरोबर वाढतो, कमी कधीच होत नाही. त्याऐवजी निबंधांचे पबमेड क्रमांक आयसाइट या ऑनलाइन साधनात टाकून आरसीआर (विषय आणि वय लक्षात घेऊन काढलेलं सायटेशनचं प्रमाण) काढा. एनआयएच या अमेरिकी आरोग्य-संशोधन संस्थेच्या अनुदानातून झालेल्या निबंधांचा मध्यक १ धरलेला असतो, म्हणून २ म्हणजे त्याच्या दुप्पट. अगदी ताज्या निबंधांचा आकडा मात्र कच्चा असतो, त्यावर भर देऊ नका.

जेलमधली पट्टी:
दोन गोष्टी राहिल्या. स्कोपसच्या सायटेशन आढाव्यात स्वतःची उद्धरणं वगळायची सोय आहे. ती वापरून एच-इंडेक्स पुन्हा काढा. १७ चा १६ झाला तर काही बिघडत नाही, ११ झाला तर विचारा. आणि प्रत्येक निबंध पबमेडवर उघडून तो मागे घेतल्याची सूचना आहे का ते बघा. मागे घेतलेल्या निबंधाची सायटेशनही एकूण आकड्यात तशीच मोजली जातात.