एकदा होते, एकदा नुसतं 'टक्': जुन्या पिकअपचे अनुभव

निळा हौदा:
आज पहाटे शेजारच्या गाडीने जागं केलं. चावी फिरवली की एकच 'टक्'. मग शांत. पुन्हा 'टक्'. मी उठूनच बसले, कारण हा आवाज दोन वर्षं ऐकलाय.

बाबांची डिझेल पिकअप त्यांच्यामागे माझ्याकडे आली. पाच दिवस चावी लावताच सुरू, सहाव्या दिवशी ढिम्म. दहा मिनिटांनी परत प्रयत्न करावा तर काही झालंच नव्हतं अशी धडधडायला लागायची. गॅरेजात नेली की हमखास सुरू. आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर), मग परत बॅटरी, कारण 'पहिली खराब निघाली असेल'.

शेवटी एक वयस्कर वायरमन भेटले. म्हणाले, गाडी रुसली असेल तेव्हाच बोलव, चालू गाडीला मी हात लावणार नाही. आले, मल्टिमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरला, दुसरा इंजिनच्या उघड्या बोल्टवर, आणि मला सेल्फ मारायला लावला. "अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट, धड असेल तर इथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला पाहिजे." आमच्याकडे तीनच्या वर! मग ते गाडीखाली सरकले. इंजिन आणि चेसिस जोडणारी विणलेली पट्टी वरून अगदी ठीक दिसत होती. त्यांनी ती बोटांनी वाकवली तशी टोकाच्या धातूच्या कडीपाशी, थिंबलापाशी, हिरवी भुकटी सांडली. आत चार-पाचच तारा शाबूत. नवी पट्टी टाकली, बोल्टखालचा रंग आणि गंज घासून पत्रा चकचकीत केला. त्यानंतर तक्रार नाही.

बाबा गाडी नेहमी उताराकडे तोंड करून का लावायचे, ते मला त्या दिवशी कळलं. कधी बोलले नाहीत.

तुमच्या गाड्यांचीही अशी दुखणी लिहा ना. एकदा होतं, एकदा होत नाही, असली.

मागचं चाक:
शेवटचं वाक्य वाचून थांबलो ताई. आमचे अण्णाही तसेच. गाडीचं दुखणं घरात सांगायचं नाही, आपणच निभावून न्यायचं.

फिरती चावी:
आमची गार असताना गुणी, गरम झाली की हट्टी. तासभर चालवून पंधरा मिनिटं थांबलं की सेल्फ फिरायचाच नाही. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की सुरू. सेल्फ एक्झॉस्टच्या अगदी शेजारी आहे, त्या धगीत तारेचा आणि गुंडाळीचा रोध वाढतो. त्यात सोलेनॉइडच्या (चावी मारली की सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) आतले तांब्याचे संपर्क झिजून एका बाजूने खड्डा पडलेले. संपर्क बदलले, उष्णता अडवायला मधे पत्रा लावला. चार वर्षं झाली

अंगणातली:
वाचतेय. आमची आज सकाळपासून उभीच आहे. स्वयंपाक आटपून लिहिते

पान्यांचा डबा:
एकच 'टक्' आणि 'टकटकटकटक' यात फरक आहे मंडळी, तो आधी कानाने ओळखा. भराभर टकटक म्हणजे बहुतेकदा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. सोलेनॉइड ओढला जातो, मोटरने करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज वर येतं, परत ओढला जातो. एकच दणदणीत टक् आणि पुढे काही नाही, तर संपर्क, कार्बन ब्रश, नाहीतर जाड तार किंवा अर्थ. काहीच आवाज नाही, तर चावी, रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच), क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच इकडे बघा.

बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्ट दिसली तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत, नाहीतर डायनॅमो (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) बघा. हे आकडे मी बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलेत.

रानवाट:
@पान्यांचा डबा, पण आमच्या बॅटरीवर १२.५ दाखवत होतं आणि तरी गाडी मेलेली. हेडलाइट पण लख्ख. मग?

पान्यांचा डबा:
खांबावर मोजलंत की क्लॅम्पवर (खांबाला आवळलेली तारेची पकड)? सेल्फ मारताना एक प्रोब शिशाच्या खांबावर, दुसरा त्याच खांबाच्या क्लॅम्पवर ठेवा. तिथे जवळजवळ शून्य यायला हवा. हेडलाइटला दहा-बारा अँपिअर पुरतात, ते सडक्या जोडातूनही जातात. सेल्फला दीडशे-दोनशे लागतात. ०.०१ ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण २०० अँपिअर गेले की तिथेच २ व्होल्ट गेले. म्हणून दिवे बघून बॅटरीचा न्याय करू नका, आणि नुसती ओहमवर तार मोजून ती चांगली आहे असं ठरवू नका. मोजायचं ते भार असतानाच.

रानवाट:
अहो क्लॅम्पच!! आत्ता हाताने फिरवला तर फिरला. पांढरी पावडर पण आहे

शांत इंजिन:
गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, फेस थांबेपर्यंत. बॅटरीच्या आत पाणी जाऊ देऊ नका. आणि कृपा करून निगेटिव्ह आधी काढा, लावताना शेवटी लावा. माझ्या काकांनी पॉझिटिव्ह आधी सोडायला घेतला, पाना बॉडीला टेकला, आणि त्यांच्या बोटातली अंगठी पाना आणि क्लॅम्पच्या मधे. क्षणात लाल झाली. बोट वाचलं पण वळ अजून आहे.

मागचं चाक:
बापरे. काका आता बरे आहेत ना?

शांत इंजिन:
हो, हिंडतात-फिरतात. अंगठी मात्र परत घातली नाही. घड्याळही काढूनच बॉनेट उघडतात.

लेकीची आई:
आमचं वेगळंच. शनिवारी लावलेली गाडी बुधवारी मेलेली. रोज चालवली तर काही नाही. बॅटरी चार्ज करून आणली की परत तेच. शेवटी निगेटिव्हच्या ओळीत अँपिअरचं मीटर जोडलं, दारं बंद, अर्धा तास थांबलो. ०.०५ च्या आत यायला हवं, आमचं ०.४ वरून हलेना. एकेक फ्यूज काढत गेलो, आतल्या दिव्यांचा काढला आणि आकडा पडला.

पण छतावरचा दिवा तर बंदच. तेव्हा आमची लेक, वय वर्षं नऊ, म्हणाली फोनवर व्हिडिओ लावून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू या. ठेवला, झाकण लावलं, काढून बघितलं. व्हिडिओत कप्पा उजळलेला! झाकणाचा स्विच दबतच नव्हता. पाच वॅटचा एवढासा बल्ब, म्हणजे ०.४ अँपिअर, चार दिवसांत अडतीस-एकोणचाळीस अँपिअर-तास पिऊन टाकतो. जुन्या साठ अँपिअर-तासांच्या बॅटरीत मग उरतंय काय.

पान्यांचा डबा:
शाब्बास लेकीची! फक्त वाचणाऱ्यांसाठी, ते मीटर ओळीत असताना सेल्फ मारू नका. बहुतेक मीटरची झेप १० अँपिअरपर्यंतच.
आणि फ्यूज सगळे काढूनही आकडा पडला नाही तर डायनॅमोची जाड तार सोडवून बघा. त्यातला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला असेल तर बॅटरी रात्रभर त्यातूनच उतरत राहते.

फिरती चावी:
तिला मेकॅनिक करा

लेकीची आई:
ती म्हणते अंतराळवीर व्हायचंय. दोन्ही होईल म्हटलं :)

धुळीचा रस्ता:
ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटायचे, पार्किंग लावलं की ब्रेकचा दिवा निम्मा. भूत आहे म्हणायचे लोक. हौद्याच्या मागच्या दिव्याचा अर्थ गंजला होता, करंट दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून घराकडे परत जात होता. एक स्क्रू. सँडपेपर. संपलं. हौद्याला चेसिसपर्यंत वेगळी अर्थची तार ओढून टाका, जुन्या पिकअपला ती हवीच.

उंबरठा:
माझ्या गाडीत चावीचा जुडगा भला मोठा होता. खड्ड्यात चाक गेलं की डॅशबोर्ड क्षणभर काळा. इग्निशन स्विच झिजला होता. जुडगा काढून एकटी चावी लावली तर आठ दिवस काही नाही, त्यावरूनच कळलं.
कुणी मागे विचारलं होतं, धक्का मारून होते मग सेल्फवर का नाही? धक्क्याला सेल्फ लागतच नाही हो. साध्या यांत्रिक पंपाच्या डिझेलला त्यावेळी फक्त डिझेल उघडणाऱ्या सोलेनॉइडपुरती वीज लागते. धक्क्याने झाली म्हणजे इंजिन निर्दोष, दुखणं सेल्फच्या बाजूला.

मागचं चाक:
आम्ही विकली मागच्या वर्षी. गेटबाहेर पडताना एका हाकेत सुरू झाली. अण्णा आत जाऊन बसले. तिची रिकामी जागा अजून तशीच आहे, तिथे दुसरी गाडी लावायला कुणाचं मन होत नाही.

निळा हौदा:
@मागचं चाक, अण्णांना माझा नमस्कार सांगा.
@अंगणातली, काय झालं गं तुझ्या गाडीचं? आवाज येतो का?

अंगणातली:
काहीच आवाज नाही. डॅशबोर्डचे दिवे ठीक. हे आत्ताच म्हणाले सेल्फ बदलू या

निळा हौदा:
थांब, काही बदलू नका! आत्ता रुसली आहे तोवरच कळेल. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. टेस्ट लॅम्पची (तार जोडलेला तपासणीचा बल्ब) क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला, टोक सेल्फच्या सोलेनॉइडवरच्या बारीक तारेला. तू चावी मार, त्यांना बल्ब बघायला सांग. लख्ख पेटला आणि सेल्फ गप्प, तर सेल्फ किंवा जाड तारा. पेटलाच नाही तर सेल्फ बिचारा निर्दोष आहे, मागे रिले आणि चावीकडे जा. कपडे, ओढणी पंख्यापासून लांब.

अंगणातली:
बघते. ह्यांनी टॉर्च धरलाय

अंगणातली:
ताई बल्ब पेटला नाही. फ्यूजच्या डब्यात हॉर्नचा रिले अगदी तसाच आहे, पायही तेच, आकडेही तेच. दोघांची अदलाबदल केली. सुरू झाली!! बंद करून परत केली, परत झाली. आता हॉर्न वाजत नाहीये.

निळा हौदा:
सापडला मग. नवा रिले आणाल तेव्हा जुना उपसून त्याच्या खालचं सॉकेट टॉर्चने नीट बघा. एखादा पाय तपकिरी किंवा प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर सॉकेटही बदला, नाहीतर नवा रिलेही तिथेच भाजेल.

अंगणातली:
एक पाय तपकिरी आहे. फोटो काढलाय, सकाळी उजेडात परत बघते.